काही कारणाने

शशीताई गेल्याचं मला शाळेच्या ऑफिसात फोनवर कळलं. तिच्या भावजयीचा फोन होता. बाहेर मैदानावर माझ्या वर्गाच्या मुली पी.टी.साठी रांगेत उभ्या होत्या... मी त्यांना घरी सोडून दिलं.

नंतर नागपुरात शोकसभा झाली. राष्ट्रीय कबड्डी स्पर्धांत खेळलेली आपल्या भागातली मुलगी, तिची चढाई, तिची पदकं, सगळं बोलून झालं. शेवटी एक गृहस्थ म्हणाले, “ऐन भरात असताना काही कारणाने ताईंनी स्पर्धा सोडल्या.” ते कारण तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलं होतं. ते कारण म्हणजे मी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. राष्ट्रीय स्पर्धेआधीचं शिबिर नागपुरात होतं. शशीताई कप्तान, मी डाव्या कोपऱ्यावर, सुमन माझ्या शेजारी. सुमनचं आणि माझं एकमेकींवर प्रेम होतं... हे लिहितानाही हात अडतो. वसतिगृहाच्या बाईंनी आम्हाला पाहिलं आणि वर कळवलं. कबड्डी संघटनेच्या सचिवांनी काटोलहून माझ्या बाबांना बोलावून घेतलं, आणि सगळ्या संघासमोर आम्हाला उभं केलं. म्हणाले, “असल्या पोरींमुळे मुलींचा खेळ बदनाम होतो. सामान आवरा.”

शशीताई पुढे आली. “साहेब, या दोघींचं प्रेम आहे एकमेकींवर. माह्या टीमले त्याचा काही त्रास नाही. तुमाले काहून होऊन राहिला?”

“मग तुम्हीही जा.”

“जातो,” ती म्हणाली आणि माझी पेटी उचलून चालू लागली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. एसटी स्टँडवर ते तिकिटं काढायला गेले, तेव्हा मी रडत ताईला म्हणाले, “तो शब्द काहून बोलली तू? बाबांसमोर?”

ती जरा गोंधळली. “मंग दुसरा कोनता शब्द होता वं, मालू?”

त्यानंतर तिची निवड कधीच झाली नाही. कामठी रोडजवळच्या एका मैदानावर तिने स्वतःचा संघ उभा केला. दुसऱ्यांनी घरी पाठवलेल्या मुली तिच्याकडे आल्या आणि पुढे राज्याकडून खेळल्या. संघटनेच्या दरवर्षीच्या सभेत ती उभी राहायची आणि म्हणायची, प्रेम कोणावर केलं म्हणून एकाही खेळाडूला घरी पाठवू नका. आधी लोक हसले, मग माइक बंद झाला, मग बोलावणं बंद झालं. तरीही ती जायची. पेपरात तिचं नाव दिसलं की मी घाईने पान उलटायची. वाटायचं, वाचणाऱ्या प्रत्येकाला माझंही नाव दिसत असेल.

सुमनचं यवतमाळला लग्न लावून दिलं. ते टिकलं नाही. एका दिवाळीत शशीताईने आम्हा दोघींना, एकमेकींना न सांगता, जेवायला बोलावलं. आम्ही समोरासमोर बसलो आणि बराच वेळ कोणी भाताला हात लावला नाही... ताईच म्हणाली, “जेवा ना वं, थंडं होऊन राहिलं.” तेव्हापासून सुट्ट्यांमध्ये आम्ही तिच्याकडेच भेटत आलो.

शोकसभेनंतर सुमन आणि मी तिच्या घरी गेलो. आम्ही नेहमी उतरायचो त्या मागच्या खोलीत दोन खाटा जोडून ठेवल्या होत्या, वर एकच रुंद चादर. अंगणात सभेहून आलेल्या लोकांचे आवाज ऐकू आले, आणि मी काही विचार न करता एक खाट धरून भिंतीकडे ओढायला लागले. फरशीवर मोठा आवाज झाला. भावजय चहा घेऊन दारात उभी होती.

“राहू द्या ना, मालूताई,” ती म्हणाली. “मागच्या महिन्यात ताईनंच लावून घेतल्या माह्याकडून. म्हणे, पोरी येतीन, थकून येतीन.”

मला तिच्याकडे पाहवेना. सुमनने खाटेचं दुसरं टोक धरलं. आम्ही खाट परत जागेवर सरकवली, चादर ओढून नीट केली आणि तिच्यावर बसून चहा घेतला. अंगणातली पावलं जवळ आली. दार लोटावं असं मला वाटलं... मी उठले नाही.