टर्बो निवेपर्यंत
करपलेल्या ऑइलचा वास आला की सोनगीरजवळचा तापलेला हायवे आठवतो. रेसिंग ट्रॅकसाठी टर्बो बसवलेली माझी गाडी दर वेळी तापून दगा द्यायची. रेडिएटर बदलला, ऑइल कूलर लावला, तरी तेच. ट्रॅकवर जायच्या आदल्या दुपारी मात्र जीव खाऊन पळवूनही तापमानाचा काटा चढला नाही. तेल फिरत राहून टर्बो हळूहळू निवावा म्हणून इंजिन चालूच ठेवून मी तोंड धुवायला उतरलो, तोच आवाज थांबला. शेजारी बसलेल्या वडिलांनी किल्ली फिरवली होती. "उभी गाडी कसाले चालू ठेवस? पेट्रोल जळी ऱ्हायनं!" लालभडक टर्बोत तेल जागीच करपलं. पुन्हा सुरू केली, तर निळा धूर. आता साध्या गाडीतही मी दारात इंजिन चालू ठेवून बसतो. बंद करायला कुणी उरलेलं नाही.