शुक्रवारी गप्प बसणारा काटा

माझे जुने सहकारी अजून सांगत फिरतात, की माझा प्रोग्राम सदोष होता. हे धादांत असत्य आहे.

नव्वदच्या दशकात ठाण्याच्या कचेरीत बसून मी मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यातील वजनकाट्यासाठी प्रोग्राम लिहीत होतो. अवजड काटा कचेरीत आणणे अशक्य. म्हणून कारखान्याकडून त्याचे आठवडाभराचे वारागणिक आकडे मागवून मी संगणकातच एक नकली काटा उभा केला. रोज सकाळी आपोआप चालणारी चाचणी त्याला वजन विचारी आणि तो अचूक सांगे. शुक्रवारी मात्र तो गप्प बसे आणि चाचणी नापास होई.

तीन शुक्रवार मी प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासली. आमच्या कचेरीचे मालक म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी असंच झालं, तर काम दुसऱ्याकडे."

अखेर मी कारखान्याच्या फोरमनला फोन केला. "तुमचा काटा शुक्रवारी काय करतो हो?"

"काय करणार साहेब? शुक्रवारी इकडे सगळ्या कारखान्यांची सुट्टी!"

नकली काटाही इमानाने सुट्टी पाळत होता. मालकांनी ती रद्द करायला लावली आणि चाचणी पास झाली. प्रोग्राम मानपाड्याला बसला, आणि पहिल्याच शनिवारी त्याने अहवाल छापला: काल काटा बंद पडला होता.

"अहो, त्या नकली काट्याची सुट्टी परत द्या," मालक म्हणाले, "आणि प्रोग्रामलाही ती शिकवा."

"लेखी द्या," मी म्हणालो.

तो कागद माझ्या कपाटात आहे. शंका असणाऱ्यांनी येऊन वाचावा.