भीतीला मी राग म्हणत आलो

समुपदेशक बाईंनी टेबलावर एक फोटो ठेवला. विस्फारलेले डोळे, विलग झालेले ओठ, मागे ओढलेली मान.

"हा कसा दिसतोय?"

"चिडलाय," माझा सतरा वर्षांचा मुलगा म्हणाला. "आता मारेल."

फोटोतला माणूस घाबरलेला होता.

आठवड्यापूर्वी जळगावात, कॉलेजच्या सायकल स्टँडवर, त्यानं वर्गातल्या एका मुलाचा हात मोडला होता. "तो माझ्याकडे रागानं बघत होता," एवढंच तो सांगायचा. मी त्याला खोटारडा ठरवलं होतं. तो खोटं बोलत नव्हता.

तो पाच वर्षांचा असताना आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या सणाला आम्ही गावी, सोनगीरला होतो. लिंबाला बांधलेल्या झोक्यावरून तो पडला आणि क्षणभर हललाच नाही. उठून बसला, तशी मी त्याच्या थोबाडीत दिली. ओट्यावरून आबा, म्हणजे माझे वडील, ओरडले, "पोऱ्या वाचना, अन् तू त्याले मारी राह्यना?" पोरगा वाचला होता आणि मी त्याला मारत होतो.

"पप्पा, तुम्हाला काय झालं?" मुलगा हुंदके देत विचारत होता.

सगळे बघत होते. म्हणालो, "राग आलाय. दुसरं काय होणार मला?"

पुढेही तेच. त्याला ताप चढला, घरी यायला उशीर झाला, त्याच्या आईचं ऑपरेशन ठरलं; दर वेळी मी घाबरलो आणि दर वेळी राग आलाय असंच त्याला सांगितलं. समुपदेशक बाई म्हणाल्या, भीतीला राग समजायला मुलं एकाच कारणानं शिकत नाहीत. माझं ओझं हलकं करायला म्हणाल्या असतील.

रविवारी आम्ही माफी मागायला पहूरला, त्या मुलाच्या घरी गेलो. मोटारसायकल दाराशी लावली, पण माझा पाय पुढे पडेना.

"चिडलात का?" मुलानं विचारलं.

"नाही रे. घाबरलोय."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "पण राग आल्यावरही तुम्ही असेच दिसता."

"तेव्हाही घाबरलेलोच असायचो."

दार त्या मुलानंच उघडलं. हात गळ्यात अडकवलेला. आम्हाला पाहताच तो डोळे विस्फारून एक पाऊल मागे सरला. माझा मुलगा त्याच्याकडे पाहत राहिला, मग वळून माझ्याकडे. मी तोंड फिरवलं नाही.