चार चकत्यांचं कुलूप

त्या दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा विषाच्या कपाटाला साधं किल्लीचं कुलूप होतं. आलापल्लीच्या वाटेवरचं ते गाव. चांदा जिल्हा तेव्हा एकच होता, आणि आमच्यापासून मोठं हॉस्पिटल फार लांब. काही महिन्यांत किल्ली कुठंतरी हरवली. डॉक्टर नागपूरला गेले होते, तिथून ते आकड्यांचं कुलूप घेऊन आले. चार पितळी चकत्या, प्रत्येकीवर शून्य ते नऊ. चार आकडे एका रेषेत आले की कडी सुटायची.

"आकडा कोनता ठेवाचा?" कंपाउंडरभाऊंनी विचारलं.

"एकोणीसशे सत्तेचाळीस. कुणी विसरणार नाही."

मी म्हटलं, "कुणी विसरणार नाही म्हणजे कुणालाही सुचेल की, डॉक्टर."

ते हसले. "सिस्टर, कपाट उघडायला इथं अस्वलं येणार आहेत का?"

नंतरही मी एकदा विषय काढला. आकडा अधूनमधून बदलू या, म्हटलं. त्यांना ते अविश्वास दाखवल्यासारखं वाटलं. माणूस चांगला होता, रात्रंदिवस रोग्यांसाठी राबायचा. पण कुलूप लावलं की काम झालं, असं त्याला वाटायचं.

त्या कपाटात लाल चिठ्ठीची एक छोटी बाटली होती. स्ट्रिक्निन. पिसाळलेली कुत्री मारायला ती आणलेली. होळीच्या आधी कंपाउंडरभाऊंनी त्यातली पूड मटणाच्या तुकड्यांना लावली आणि बाजारातली तीन कुत्री तडफडून मेली, ते साऱ्या गावानं पाहिलं होतं.

मोहफुलं पडायला लागली तेव्हाची गोष्ट. जवळच्या एका खेड्यातली बाई आमच्याकडे आली. मोह वेचताना बिबट्यानं तिच्यावर झडप घातली होती. उजवा खांदा फाटला होता, जखम चिघळली होती. नवरा तिच्या खाटेपाशी बाकावर बसून असायचा. लाकडाच्या डेपोत काम करणारा, जेमतेम बोलणारा माणूस. ती कण्हली की हा उठून तिच्या पायावर हात ठेवायचा. एकदाच त्यानं मला विचारलं, "बाई, हिचा हात चालन का?" मी खोटं बोलू शकले नाही. "सांगता येत नाही, भाऊ," म्हटलं. त्यानं मान हलवली, आणि परत बसला.

एके सकाळी मी मॉर्फिन काढायला कपाट उघडलं. कुलूप जागच्या जागी होतं. लाल चिठ्ठीची बाटली मात्र नव्हती.

मी सगळे कप्पे पाहिले, मग कंपाउंडरभाऊंना आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी दार लावलं आणि ते आम्हा दोघांसमोर उभे राहिले.

"आकडा आपल्या तिघांनाच माहीत आहे."

डॉक्टरांची नजर कंपाउंडरभाऊंवरून माझ्यावर आली, परत त्यांच्यावर गेली. काल जेवलो तेव्हा एकमेकांना लोणचं वाढणारी माणसं आम्ही. आता कुणी कुणाकडे नीट पाहीना.

"साहेब, माह्यावर शक हाय का?" भाऊंनी विचारलं.

डॉक्टर कुलपाच्या चकत्या फिरवत राहिले. तेवढ्यात मला वॉर्डमधला बाक आठवला. पहाटे मी फेरी मारली तेव्हा तो रिकामा होता.

मी धावत त्या बाईकडे गेले. "तुमचे मालक कुठं गेले?"

"घरी गेले. बकरा पाहून येतो म्हनले."

"बकऱ्याचं काय?"

"काय जाने बाई. झोपलेच नाई ते, अर्ध्या रातीच गेले."

चहाच्या टपरीसमोर लाकडाचा एक रिकामा ट्रक उभा होता. वॉर्ड दाईवर सोपवून, बाईच्या खेड्याकडे जायला आम्ही तिघंही त्यात चढलो. डॉक्टरांनी औषधांची पेटी मांडीवर धरली होती.

तो माणूस आपल्या घराच्या अंगणात बसला होता. आम्हाला पाहून पळाला नाही.

"बाटली कुठे आहे?" डॉक्टर ओरडले.

त्यानं कमरेतून ती काढून दिली. जवळजवळ रिकामी. "बिबट्याले देलो. बकरा मारलो, पोटात अन् मांडीत पूड भरलो, नाल्याकाठी ठेवलो. तो तिथीच पानी प्याले येते."

"कपाट उघडलंस कसं?"

त्याला प्रश्नच कळला नाही जणू. "सरकारी कुलूप, चार आकडे. मी डेपोत लाकडावर आकडेच टाकतो, साहेब. सुराज्याचा साल लावून पाह्यलो. पहिल्यांदाच उघडलं."

डॉक्टर हातातल्या बाटलीकडे पाहत राहिले. कंपाउंडरभाऊंनी मात्र वेगळंच विचारलं, "नाल्याकाठी कुठी? मोहाच्या झाडाखाली तर नाई?"

त्या माणसाचं तोंड उघडं राहिलं. त्याच्या आत्ता ध्यानात आलं. नाल्याकाठी मोह होता, आणि उजाडताच पलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे गोंडांच्या पाड्यावरची माणसं फुलं वेचायला तिथंच येत.

आम्ही गेलो तेव्हा बकरा नव्हता. रक्ताचे थेंब होते, आणि ओल्या वाळूत अनवाणी पावलं, बायकांची, पोरांची. तो माणूस धावत सुटला. मी आयुष्यात कुणाला तसं धावताना पाहिलं नाही.

आम्ही टोल्यावर पोचलो तेव्हा त्यानं चुलीवरचं मडकं लाथेनं उलथवलं होतं, आणि कुऱ्हाडी घेतलेली माणसं त्याच्याभोवती गोळा झाली होती. तो नुसता ओरडत होता, "खाऊ नका! जहर हाय, जहर!" कंपाउंडरभाऊ मध्ये घुसले आणि गोंडीत भराभर सांगू लागले. एका बाईनं पोराच्या तोंडात बोट घालून पाहिलं. शिजलं नव्हतं अजून. कुणी खाल्लं नव्हतं.

मग एका झोपडीतून हाक आली. घरातल्या म्हाताऱ्यानं काळजाचा तुकडा निखाऱ्यावर भाजून तोंडात टाकला होता. कडू लागला; पित्त फुटलं असेल म्हणून बराचसा थुंकला, थोडा गिळला. त्याची मान ताठ व्हायला लागली होती.

डॉक्टरांनी त्याला अंधाऱ्या कोपऱ्यात निजवलं. कोळशाची पूड पाण्यात कालवून पाजली, रुमालावर क्लोरोफॉर्मचे थेंब टाकले. तेवढ्यात बाहेर कुत्रं भुंकलं आणि म्हातारा धनुष्यासारखा वाकला. दात आवळले, श्वास थांबला. मला वाटलं, गेला.

झटका ओसरल्यावर डॉक्टर कुजबुजले, "आवाज नको. एवढासाही नको. आवाजानं झटका येतो."

भाऊंनी बाहेर जाऊन हातवारे केले. बायका तान्ही पोरं घेऊन दूर रानात गेल्या, कुत्री ओढत नेली. राहिली ती माणसं झोपडीभोवती बसली, आणि त्यांच्यामध्ये त्या बाईचा नवरा. त्याला मारायला उचललेला हात एकानं खाली घेतला. मारलं असतं तर तो ओरडला असता. शिवी दिली असती तर ती आत ऐकू गेली असती. एवढा संताप, आणि सगळा मुका. दाराच्या फटीतून मला तो दिसायचा. गुडघ्यांवर कपाळ टेकून, तोंडात पंच्याचा बोळा धरून तो रडत होता, आवाज होऊ नये म्हणून.

ऊन डोक्यावर आलं, कललं. म्हाताऱ्याला झटके येत राहिले. प्रत्येक वेळी मी त्याचं मनगट धरून बसायची आणि नाडी सुटतेय का ते पाहायची. पेटीतला क्लोरोफॉर्म संपत आला. दुपार उतरता उतरता दोन झटक्यांमधला वेळ लांबला. मग पुढचा आलाच नाही. म्हाताऱ्यानं डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, "वाचला." ते जमिनीवर मटकन बसले. अजूनही कुणी मोठ्यानं बोलेना. म्हाताऱ्याचा मुलगा त्या माणसासमोर उभा राहिला आणि गोंडीत काही म्हणाला. भाऊंनी आम्हाला सांगितलं, "पुसते, तुह्या बायकोले बिबट्यानं फाडलं, ते खरं हाय का?"

त्यानं मान डोलावली. मुलानं त्याला उठायला हात दिला नाही, पण माणसांना बाजूला व्हायला सांगितलं.

पोलिसांत जावंच लागलं; परतीच्या वाटेवरच त्याला ठाण्यावर सोपवलं. टोल्यावरच्या कुणीही त्याच्याविरुद्ध जोर लावला नाही, तरी त्याला काही महिने शिक्षा झाली. डॉक्टरांनी जबानीत कुलपाचा आकडा आपणच ठेवला आणि सिस्टरनं सांगूनही बदलला नाही, हे स्वतःहून सांगितलं. त्यावरून त्यांची बदली झाली. जाण्याआधी ते कंपाउंडरभाऊंच्या घरी गेले. काय बोलले ठाऊक नाही. भाऊ त्यांना बसपर्यंत पोचवायला मात्र आले होते.

पण त्या संध्याकाळी दवाखान्यात परतल्यावर बाईला सगळं सांगणं माझ्याच वाट्याला आलं. तिनं न अडवता ऐकलं. मग विचारलं, "बुढा वाचला नं?"

"वाचला."

"अन् हे जेवले का?"

मी नाही म्हटलं. तिनं डाव्या हातानं उशाचा डबा माझ्याकडे सरकवला. त्यात दवाखान्यातून मिळालेली दुपारची भाकर होती, तिनं न खाता ठेवलेली.

"ठाण्यावर कोनी जाऊन राह्यलं असन तर द्या," ती म्हणाली.

मी ती घेऊन निघाले.