जागा बघून येतो

माझ्या मावशीच्या यजमानांइतका घाबरट माणूस अख्ख्या कर्जत तालुक्यात नसेल, आणि असलाच तर तो आमच्या काकांना बघूनच घाबरलेला असेल.

महत्त्वाचं काही ठरलं की काकांची झोप उडते. त्यावर त्यांचं औषध एकच: आदल्या दिवशी "जागा बघून येतो" म्हणून निघायचं. लेकीला बघायला पोशीरची मंडळी कडावला काकांच्या घरी यायची होती, तर हे आदल्या दिवशी पोशीरला जाऊन त्यांच्याच ओटीवर चहा पिऊन आले. मावशीने कपाळावर हात मारला. लग्न मात्र जमलं.

माझ्या दहावीला कशेळ्याचं केंद्र आलं, तेव्हा मला रडू येत होतं आणि काकांना जुलाब होत होते. तरी जीपमध्ये कोंबून त्यांनी मला आदल्या दिवशी नेलंच. माझा नंबर शोधून बाकडं हलवून पाहिलं, तर ते डुगडुगत होतं. काकांनी खिशातून जुनी लग्नपत्रिका काढली, तिच्यावरचा गणपती जपून फाडून माझ्या हातात दिला आणि उरलेल्या पत्रिकेची घडी पायाखाली सरकवली. "देव पायाखाली नाय घालायचा," ते म्हणाले. "आनि बाकडा हालला ना गं, की लिवलेलं पन हालतं." खरं सांगते, दुसऱ्या दिवशी बाकडंही हललं नाही आणि माझं अक्षरही. तेव्हापासून काकांच्या खिशात एखादी पत्रिका असतेच.

आज काकांची बायपास आहे, पनवेलला. परवाच ते इथली जागा बघायला एकटे येऊन गेले, पण ऑपरेशनच्या खोलीत कोण सोडणार! सकाळी स्ट्रेचरवरून नेताना एकच घोकत होते, "आतली जागा बघितली नाय गं. कशी हाय, काय म्हाईत नाय." हात बर्फासारखे गार. दाराशी त्यांनी माझ्या मुठीत कागदाचा कपटा कोंबला. बघते तर गणपती.

दार बंद झालं. मी बाहेरच्या बाकड्यावर बसले. सारखी उठत-बसत होते, पण बाकडं हलेना. मग एकदम डोक्यात आलं, गणपती माझ्याकडे आहे, तर पत्रिका कुठाय? वाकून पाहिलं. बाकड्याच्या डाव्या पायाखाली पत्रिकेचा हळद लावलेला कोपरा दिसत होता. आत सोडलं नाही, म्हणून काका माझी जागा बघून गेले होते. मी तिथेच ओक्साबोक्शी रडले.

हे त्याच बाकड्यावर बसून लिहिते आहे. चार तास झाले, दार अजून बंद आहे. बाकडं मात्र जराही हलत नाही.