उलटी फुंकणी

मी लेखक नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेतल्या उत्तरांपलीकडे आजवर फारसं काही लिहिलेलं नाही. तेव्हा हा आगाऊपणा वाटला तर माफ करा. या बाईंबद्दल कोणीतरी लिहायला हवं होतं, आणि ज्यांना चांगलं लिहिता येतं त्यांची त्यांच्याशी ओळख नव्हती.

"पुढं चला." हाताची बोटं झटकून त्या हे म्हणायच्या. मंडईत तुम्ही कधी फारच भाव पाडून मागितला असेल, तर हे शब्द तुम्हीही ऐकले असतील. लिंबू, आलं, मिरची असा त्यांचा गाळा होता. मला मात्र त्या भेटल्या वाघोलीतल्या एका मोठ्या सोसायटीच्या हॉलमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मांडी घालून बसलेल्या.

मी तेव्हा फिजिओथेरपीची इंटर्नशिप करत होतो. आमच्या मॅडमनी त्या सोसायटीतल्या वयस्कर बायकांसाठी श्वासाच्या व्यायामाचा वर्ग सुरू केला होता आणि माझ्यावर सोपवला होता. हातापायांसारखेच श्वास आत घेणारे स्नायूही वयाबरोबर थकतात, आणि त्यांनाही व्यायाम देता येतो. त्यासाठी एक लहानशी नळी असते, आत स्प्रिंग असलेली. नाकाला चिमटा लावायचा, नळी तोंडात धरायची आणि जोर लावून हवा आत ओढायची. जोर पुरेसा लागला तरच आतली झडप उघडते.

"आजी, चिमटा असा लावा," मी म्हणालो.

"आजी कुणाला म्हणतोस? मावशी म्हण." मग चिमटा लावून शेजारणीकडे वळल्या, "बघ गं, नथ गेली नि हे आलं."

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. नळ्या हातात पडल्या आणि सगळ्या बायका एकदम फुंकायला लागल्या. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, झडप काही हलेना.

"फुंकू नका, ओढा!" मी ओरडलो.

"ओढा? विडी आहे का ही?" मावशींनी विचारलं. हॉलभर हसू पसरलं. "अरे, जन्मभर चुली पेटवल्या आम्ही. नळी हातात आली की फुंकायचीच असते."

मग त्यांनी नळी पुन्हा तोंडात धरली, डोळे मिटले आणि आत ओढलं. झडप टक्कन उघडली. त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, "ही उलटी फुंकणी आहे गं. जाळ आत पेटवायचा." त्या दिवसापासून वर्गाला तेच नाव पडलं. मॅडमही तेच म्हणू लागल्या.

मी भंडाऱ्याकडचा. पुण्यात तोंड उघडलं की लोक हसतात, म्हणून शक्यतो कमी बोलायचो. एकदा गडबडीत माझ्या तोंडून गेलं, "मावशी, हवा आत घेऊन राहिल्या का?"

"राहिले कुठं? मला मंडईत जायचंय."

सगळ्या हसल्या, मी खाली बघितलं. वर्ग संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. "मी थट्टा केली, ती तुझी नाही, माझीच. तुझं बोलणं गोड आहे. कुणी हसलं तर ‘पुढं चला’ म्हणायचं. पण जोरात म्हण. तुझा आवाज घशातच बसतो."

मंडईत जायचंय हे मात्र थट्टेत नव्हतं. आदल्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला होता. दवाखान्यातून आल्या त्या धाप घेऊनच. मुलगा आयटीत होता. त्यानं त्यांना शहरातल्या खोलीतून उचलून आपल्या फ्लॅटवर आणलं होतं. गाळा तेव्हापासून बंद. दिवाळीनंतर तो सोडून देऊ, असं मुलगा म्हणत होता. तो वाईट नव्हता. त्याच गाळ्याच्या कमाईवर शिकला होता, म्हणून बोलताना त्यालाही जड जायचं.

"आई, तुला एक वाक्य पुरं होत नाही. त्या गोंगाटात काय करणार तू?"

"मग इथं काय करू? लिफ्टनं खालीवर करू?"

मला त्या म्हणाल्या, "आवाज नसलेल्या बाईकडनं कोण लिंबू घेतं रे? लोक शेजारच्या गाळ्यावर जातात." त्यानंतर नळी त्यांच्या पदराआड असायचीच. मी स्प्रिंग थोडी घट्ट करायला गेलो की म्हणायच्या, "पीळ अजून." मी म्हणायचो, हळूहळू. मग माझ्याच पद्धतीनं ऐकवायच्या, "हळूहळू करून राहिले बाबा."

दिवाळी जवळ आली. एका रविवारी वर्ग संपल्यावर त्यांनी मुलाला खाली बोलावलं आणि सोसायटीच्या फाटकाशी उभं केलं. स्वतः हॉलच्या पायरीवर आल्या. मी शेजारी होतो. त्यांनी पोट फुगवून श्वास भरला, कमरेवर हात ठेवला आणि सोडली आरोळी:

"ए लिंबं घ्याऽऽ, रसाची लिंबं! आलं घ्या, मिरची घ्याऽऽ!"

एका दमात. इमारतींवर आपटून आवाज परत आला. पार्किंगमधली कबुतरं उडाली. फाटकावरचा वॉचमन काठी घेऊन धावत आला, "ओ बाई, फेरीवाल्यांना आत परवानगी नाही!" तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी डोकावून विचारलं, "कशी दिली?"

"घेणार असशील तर खाली ये, नाहीतर पुढं चला!" मावशी वर बघून म्हणाल्या. धाप नव्हती.

मुलगा फाटकाशी तसाच उभा होता. मग चष्मा काढून पुसत आमच्याकडे आला. "सकाळी मी सोडीन तुला," तो म्हणाला. "जिने चढायचे नाहीत. आणि दुपारी जेवायचं."

"जेवते रे. कधी उपाशी होते?"

माझी इंटर्नशिप संपली आणि मी गावाजवळ एका छोट्या दवाखान्यात लागलो. इथेही म्हाताऱ्या बायका येतात. मी जोरात बोलतो, आमच्याच बोलीत बोलतो, आणि त्या ऐकतात. हे कोणामुळे, ते मावशींना सांगायचं होतं, म्हणून परवा त्यांच्या मुलाला फोन लावला.

तो म्हणाला, "अहो, आई गेली. गेल्या महिन्यात. तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं."

 मग त्यानं पुढं सांगितलं, "झोपेत गेली. काही त्रास झाला नाही. आदल्या संध्याकाळी मंडईतून आली होती, सगळा माल विकून."