गावच्या मुलांची जागा

बिदरात बरेच जण करतात तेच आम्ही केलं. सरकारी निवासी शाळेत बहुतेक जागा खेड्यातल्या मुलांना असतात, आणि त्यासाठी तिसरी ते पाचवी खेड्यातच शिकावं लागतं. म्हणून लेकीला माझ्या माहेरी, ठाणाकुशनूरला ठेवलं. खोटं काही नव्हतं. ती खरंच तिथं राहिली, गावच्या शाळेत गेली. फक्त शनिवारी तिचे वडील बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यातून सुटले की तिला घरी आणायचे आणि रविवारभर प्रवेश परीक्षेच्या क्लासला बसवायचे.

माझी भाची, दादाची थोरली, तिच्याच वर्गात होती, गणितात तिच्याहून हुशार. "हिलाबी आणू की रविवारी," मी नवऱ्याला म्हटलं.

"अगं, जागा मोजक्याच निघतेत, ठाव हाय की तुला."

मी चिडले, पण भाचीला काही आणलं नाही. आपला तो बाब्या म्हणतात, पण इथं दोघीही माझ्याच. क्लासचे सराव पेपर मात्र मी भाचीला पाठवत राहिले, सगळेच्या सगळे. समजावून सांगणारा मास्तर काही पिशवीत घालून पाठवता येत नाही.

यंदा निकाल लागला. लेकीची निवड झाली, भाचीची नाही. मला आनंद झाला, भरपूर झाला, आणि लगेच त्याची लाज वाटली. मग त्या लाजेचाच राग आला. आम्ही कोण असे मोठे? भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. गावाचा न्याय काय आम्हीच करायचा?

पेढे घेऊन माहेरी गेले. वहिनी चिडली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तिनं लेकीला ओवाळलं. भाचीनं पेढा खाल्ला आणि म्हणाली, "मला तसंबी आईला सोडून जायचं न्हवतंच."

निघताना वहिनी दारापर्यंत आली.

"अक्का, तुमची धाकटी आता तिसरीत जाईल. तिलाबी इकडंच ठेवायलाव का?"

वहिनीची धाकटीही यंदाच तिसरीत. ती बोलावत होती की नको म्हणून विनवत होती, मला खरंच कळलं नाही.

"बघू," मी म्हणाले.

माझ्या धाकटीचं नाव दादानं सकाळीच शाळेत घातलं होतं. मीच त्याला फोनवर सांगितलं होतं. वहिनीला ते त्यानंही सांगितलं नव्हतं.